वर न कळवलेले झिरे

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तू ऑफिसमध्ये नक्की काय करायचीस?" मी म्हटलं, "नकाशांचं काम." ती "अच्छा" म्हणाली आणि तेवढ्यात तिला जेवायला हाक आली. उत्तर खोटं नव्हतं. पण नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकही नकाशा काढला नाही, आणि हे ज्याला सांगितल्याशिवायही कळलं असतं असा माणूस आता घरात नाही.

आत्ताच लिहिण्याचं कारण असं की मी ज्या रचनेवर निम्मी नोकरी घालवली ती या दसऱ्याला बंद झाली. तिच्यावर काम केलेले दोघेच सहकारी माझ्या माहितीत उरले आहेत. एक मुलाकडे पुण्याला असतात. दुसऱ्यांना आता आवाज ओळखू येत नाहीत. तेव्हा हे लिहून ठेवायचं काम माझ्याकडेच येतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि कामाचा प्रत्येक कागद इंग्रजीत होता. पण आता जे सांगायचं आहे ते सगळं मराठीत बोललं गेलं. तुमच्या आईबाबांना शेजारी बसवा आणि वाचून घ्या. त्या निमित्ताने तेही वाचतील.

आधी काम काय होतं ते सांगते. मोठ्या प्रदेशाचा संगणकावरचा नकाशा म्हणजे एक चित्र नसतं. त्यात थर असतात. रस्त्यांचा एक, नदीनाल्यांचा एक, शेतांच्या बांधांचा एक, विजेच्या खांबांचा एक. काचेवर काच ठेवावी तसे ते एकावर एक बसतात. एका सरकारी खात्याला असे थर कित्येक जिल्ह्यांचे हवे होते, आणि प्रत्येक तालुक्यात कोणीतरी रोज त्यांत काही ना काही बदलत असणार होतं. मग हे सगळं एकाच मोठ्या मशीनवर ठेवायचं, की ज्याचं त्याच्या तालुक्यात? तालुक्यात ठेवलं तर मुख्यालयातल्या साहेबाला कळवणपलीकडचा एखादा पूल बघायचा असला तर त्याच्या मशीनने कोणाला विचारायचं? घोटीला पावसात मशीनं जोडणारी लाइन गेली तर काय समजायचं? दोन तालुक्यांनी एकच ओढा दोन ठिकाणी दाखवला तर कोणाचं धरायचं?

मशीनं विकत घेण्याआधी हे सगळं कागदावर ठरवावं लागतं. त्यासाठी चौकोन काढायचे आणि बाण काढायचे. कोणत्या चौकोनाकडे काय राहील, तो कोणाला काय सांगेल, काय सांगणार नाही, आणि गप्प झाला तर बाकीच्यांनी काय करायचं, हे प्रत्येक बाणाशेजारी लिहायचं. याला मॉडेल म्हणतात. खात्याचं काम मिळालेल्या कंपनीत ते करणारी मी एकटी होते.

तुमचे आजोबा ओझरच्या कारखान्यात होते. ते चिडवायचे, "मी विमानं जोडतो, ती निदान उडताना दिसतात. तू चौकोन जोडतेस. उद्या कोणी विचारलं बायको काय करते, तर काय सांगू?"

"सांगा, भूमिती," मी म्हणायचे.

"म्हणजे शाळेत शिकवते असं वाटेल. ते बरं आहे, मान मिळतो."

या कामाचा स्वभाव एकटेपणाचा आहे. प्रोग्राम लिहिणारी मुलं एकमेकांच्या चुका शोधत, हसत, भांडत, डबे एकत्र खात. माझ्या चौकोनांवर बोलायला कोणी येत नसे. ते बरोबर असले तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. सातपूरच्या त्या ऑफिसात मी खिडकीशेजारी बसायचे आणि मोठा कागद टेबलावर पसरलेला असल्यामुळे डबा मांडीवर घेऊन खायचे. मला त्याचं वाईट वाटत होतं असं नाही. सवय होती, आणि ती पुढे उपयोगी पडली.

माझ्या मॉडेलचा मूळ नियम एकच होता: जो थराची निगा राखतो, थर त्याचा. मुख्यालयाकडे फक्त यादी असेल, कोणता थर कुठे आहे याची. कोणी मागितला तर यादीवरून तालुक्याला विचारायचं. आणि प्रत्येक थरापुढे मालकाने लिहायचं, हा कोणाला दाखवायचा. सगळ्यांना, खात्यातल्यांना, की कोणालाच नाही.

या शेवटच्या पर्यायावरून आमचे साहेब माझ्याशी बरेच दिवस भांडले. "कोणालाच दाखवायचा नसेल तर सिस्टिममध्ये ठेवायचाच कशाला?"

मी म्हटलं, "तालुक्यातल्या माणसाला मशीनचा स्वतःसाठी काही उपयोग असला तरच तो आपले रस्ते आणि खांब नीट ठेवेल."

"म्हणजे लाच?"

"लाच म्हणा. तुम्हाला खांब मिळतील."

ते हसले आणि सही केली. त्या पर्यायात ठेवलेला थर मुख्यालयाच्या यादीतही येत नव्हता. मुख्यालयाच्या दृष्टीने तो नव्हताच.

सुरगाण्याला मी पहिल्यांदा गेले ती लाइन पोचते का ते बघायला. तिथल्या मशीनवर एक बाई नेमल्या होत्या. डोंगरातल्या एका पाड्यावरच्या, आश्रमशाळेत शिकलेल्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मी त्यांना बाई म्हणायचे आणि त्या मला मॅडम. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मी पाहिलं, त्यांनी एक नवा थर सुरू केला होता. निळे ठिपके, आणि प्रत्येकापुढे पाड्याचं नाव आणि महिना.

"हे काय?"

"झिरे हायेत, मॅडम."

झिरा म्हणजे ओढ्याच्या पात्रात उकरलेला लहान खड्डा. ओढा आटला तरी त्यात पाणी झिरपत राहतं. उन्हाळ्यात त्या भागातल्या बायका वाटी वाटीने त्यातून हंडे भरतात. कोणता झिरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो आणि कोणत्या पाड्याचा त्यावर हक्क आहे, हे बाईंनी बायकांना विचारून भरलं होतं. द्राक्षांच्या आणि ऊसतोडीच्या कामाला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात परत येत, तेव्हा कोणी कुठे जायचं यावरून भांडणं होत. बाई दर वर्षी त्या थराचे कागद छापून पाड्यांवर द्यायच्या.

"हे वर दिसंल का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तर दिसेल."

"मग नका दिसू देऊ. वर दिसलं का पाइप येतो." आणि त्यांनी मला घाटाकडच्या एका पाड्याचं सांगितलं. तिथला झरा कोणीतरी कागदावर घेतला, आणि पुढच्या वर्षी त्याचं पाणी पाइपाने एका हॉटेलात गेलं.

मी त्यांना तो तिसरा पर्याय दाखवला. त्यांनी स्वतःच्या हाताने निवडला. त्या दिवशी परतताना मला फार बरं वाटलं होतं. माझ्या कागदावरच्या एका चौकोनाचा कोणाला तरी खरोखर उपयोग झाल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं होतं. घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "चला, एक विमान उडालं."

मग मी निवृत्त झाले. तुमचे आजोबा गेले. तुमचे आईबाबा एकेक करून तिकडे परदेशात स्थिरावले. मी फ्लॅटमधल्या दोन खोल्या बंद ठेवायला लागले, म्हणजे झाडायला कमी लागतं. सुरगाण्याच्या बाईंचा दर दिवाळीला फोन यायचा. बोलणं फार नसायचं. त्या सांगायच्या, थरात अमुक झिरे वाढले, अमुक आटले. मी ऐकायचे. ज्या कामाबद्दल मला कोणी काही सांगत होतं असं तेवढंच उरलं होतं.

या वर्षी गणपतीनंतर मला एका बैठकीला बोलावणं आलं. आता काम नव्या लोकांकडे होतं आणि ते सगळं एका ठिकाणी आणणार होते. तालुक्यांतली मशीनं जुनी झाली, लाइनींवर खर्च होतो, आणि आता दूरच्या मोठ्या सर्व्हरवर सगळं मावतं. हे चुकीचं नव्हतं. आज मी तरुण असते तर कदाचित मीही तसंच मॉडेल केलं असतं. नवं मॉडेल करणारी मुलगी तुमच्या आत्याच्या वयाची होती. हुशार होती, आणि मला चहा स्वतः आणून दिला.

तिने भिंतीवर एक आलेख दाखवला. वर्षभरात तालुक्यांकडून मुख्यालयाकडे किती माहिती येते याचा. "मॅडम, दर वर्षी या सुमाराला एक दिवस असा येतो की ट्रॅफिक जवळजवळ शून्य होतं. सगळ्यात कमी लोडचा दिवस. म्हणून आम्ही सगळं वर उचलायला तोच दिवस घेतलाय. दुसऱ्या दिवशी लाइनी बंद."

मी आलेखाकडे पाहिलं आणि मला कळलं. म्हटलं, "ती खंडेनवमी आहे."

"म्हणजे?"

"त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. तालुक्यात मशीनची पण करतात. पुसून, हार घालून, हळदकुंकू लावून ठेवतात आणि दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. लोड कमी नसतो. मशीनं बंद असतात."

खोलीत दोघं-तिघं हसले, वाईट अर्थाने नाही. मुलगी म्हणाली, "पण पूजेला तासभरच लागेल ना, मॅडम? आम्ही संध्याकाळपर्यंत ट्राय करत राहू."

"आणि ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांचं?"

"त्यांची मागच्या महिन्यात चाचणीसाठी काढलेली कॉपी आपल्याकडे आहेच. काही हरवणार नाही."

मी विचारलं, "यादीत नसलेले थर असतील तर?"

"यादीत नसेल तर ते नाहीच, मॅडम. तुमच्याच मॉडेलप्रमाणे."

ती बरोबर बोलत होती. याहून पुढे एक शब्द बोलले असते तर बाईंना दिलेला शब्द मोडला असता. मी चहा संपवला आणि रिक्षाने घरी आले.

घरी आल्यावर जे मनात आलं तेही तुम्हाला सांगायला हवं. तो थर वर जावा असं मला वाटत होतं. सुरगाण्यातलं मशीन म्हातारं झालं होतं. थराची प्रत काढता आली असती, पण ती उघडणारा प्रोग्राम फक्त तालुक्यांच्या मशीनांवर होता आणि ती सगळी बंद होणार होती. वर गेला तर थर टिकणार होता, आणि माझ्या कामातलं काहीतरी टिकल्याचं मला समाधान मिळणार होतं. तिथेच राहिला तर मशीनबरोबर एक दिवस जाणार होता. पण तो माझा नव्हता. बाईंना विचारायला हवं होतं.

फोनवर मी सांगायला सुरुवात केली, तर बाई म्हणाल्या, "हे फोनवर नको, मॅडम. नवमीला या. पाड्यावरच्या बाया पण येतात पूजेला. तवा बोलू."

खंडेनवमीला सकाळी मी सुरगाण्याची एसटी धरली. वणीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती, त्यामुळे बस दिंडोरीपासूनच रेंगाळत चालली होती. शेजारी बसलेल्या एका बाईने विचारलं, "आजी, एकट्याच गडावर?" मी म्हटलं, "नाही, सुरगाण्याला." "लेक दिली का तिकडं?" मी हो म्हणून टाकलं. ते सांगायला सोपं होतं.

मशीनची खोली सारवल्यासारखी स्वच्छ होती. टेबलावर मशीन बंद होतं. त्याला झेंडूचा हार, पडद्यावर कुंकवाचं बोट, शेजारी नारळ, आणि त्याच टेबलावर कोणाचा तरी कोयता आणि कोणाचं पाटी-फावडं पूजेला ठेवलेलं. बाईंचे केस पांढरे झाले होते. पाड्यांवरच्या चार-पाच जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीबाईंना ऐकायला कमी येत होतं, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं.

मी सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत वरचं मशीन या मशीनला हाक मारत राहील. झिरे वर पाठवायचे असतील तर हे आज चालू करून मला यादीत एक ओळ घालावी लागेल. मग ते कायम राहतील, पण खात्यातला कोणीही ते बघू शकेल. पाठवायचे नसतील तर काही करायचं नाही. मग ते फक्त इथे राहतील आणि हे मशीन बंद पडलं की जातील.

आजीबाईंनी विचारलं, "त्या वरच्या मशीनला तहान लागती का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्याला झिरा कशाला?"

सगळ्या हसल्या. एक तरुण बाई म्हणाली, "आजे, मशीन नाय पीत. मशीनवाला पितो."

"तेच म्हनते मी."

दुसरी म्हणाली, "पण ह्ये मोडलं तर? माझी सून नवी हाय. तिला कागदावर दिसतं कुठं जायचं ते."

"तिला तू दाखव की. का पाय मोडले तुझे?" आजीबाई म्हणाल्या.

"माझे पाय हायेत तोवर दाखवीन. मग?"

आजीबाईंनी त्या बाईकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. मग बाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

मला वाटत होतं ते मी सांगितलं. "मला विचाराल तर वर जावेत असं वाटतं. पण मी इथलं पाणी पीत नाही."

बाईंनी मशीनशेजारचा नारळ नीट ठेवला. मग म्हणाल्या, "मी आज ह्याला हात लावणार नाय. तुम्ही लावला तर मी अडवणार नाय, तुमचंच हाय ते काम. पण मला विचाराल तर नको."

बाकीच्यांनी माना हलवल्या. नव्या सुनेच्या सासूनेही, जरा उशिराने.

दुपारी नव्या मॉडेलच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, सॉरी, पण तुम्हालाच विचारते. सुरगाणा उत्तर देत नाहीये. कळवण, पेठ पण नाही. लाइन गेली का?"

"लाइन आहे. पूजा आहे."

"अजून?"

"उद्यापर्यंत."

ती म्हणाली, "तुमच्या मागे आवाज येतोय. तुम्ही तिकडेच आहात का? मग प्लीज, फक्त बटण दाबाल?"

बटण माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. हाराच्या खाली.

"मशीन माझं नाही, बाळ," मी म्हटलं.

"मग मला ते डेड म्हणून मार्क करावं लागेल."

"कर."

फोन ठेवल्यावर बाईंनी नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. आजीबाईंना चावता येत नव्हतं, त्यांनी त्यांचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. संध्याकाळच्या बसने मी परत आले. दार उघडलं, दिवा लावला आणि देवापुढे माझी जुनी पट्टी आणि पेन्सिल ठेवून पूजा केली. नंतर जेवायला काही करावंसं वाटलं नाही, म्हणून दूध घेऊन झोपले.

दसऱ्याला लाइनी बंद झाल्या. कळवण, पेठ आणि बाकीच्या तालुक्यांची मशीनं गाडी फिरवून गोळा केली गेली. पूजा आटोपल्यावर तीही सुरू झाली होती, पण तोपर्यंत विचारणारं कोणी नव्हतं. सुरगाण्याचं मशीन न्यायला गाडी गेली नाही. डेड अशी खूण फक्त त्याच्यापुढे पडली असावी, म्हणून गाडीवाल्याच्या कागदावर ते नसावं. मी त्याबद्दल कोणाला काही विचारलेलं नाही.

परवा बाईंशी बोलले. थंडी अजून आहे, पण वरच्या दोन पाड्यांचे ओढे आटायला लागले आहेत. त्यांनी या वर्षीचे झिरे भरायला घेतले आहेत. मशीन सुरू व्हायला आता वेळ घेतं, पंख्याचा आवाज येतो. नव्या सुनेला दर शनिवारी बोलावून त्या थर कसा भरायचा ते शिकवतात.

रस्ते, बांध आणि खांब आता सगळे एका मोठ्या सर्व्हरवर आहेत आणि नीट आहेत. मी केलेल्या रचनेतलं सुरगाण्याचं एक मशीन आणि त्यावरचा झिऱ्यांचा थर एवढंच चालू आहे.